खालचा आकडा

२०२० च्या ऑगस्टमध्ये, कोरोना ऐन भरात असताना, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन मी दुप्पट पैसे मोजून आणलं. तेव्हापासून माझ्या पाण्याच्या टँकरच्या खेपा लिहायच्या वहीत मागच्या बाजूने अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, ऑक्सिजन लिहितोय. पुढून खेपा, मागून अण्णा. दोन्हीकडची पानं मध्ये भिडली की नवी वही.

त्या मशीनवर दोन आकडे दिसतात. वरचा ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. मी इतकी वर्षं वरचाच लिहीत आलो. मागच्या जानेवारीत याच सवयीपायी अण्णा हातचे जायची वेळ आली होती.

अण्णा ७४ वर्षांचे. बावीस वर्षं गिरणीत कार्डिंग खात्याला होते. कापूस विंचरायचं खातं ते, हवेत सगळा भुगा. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून यायची, मग दोन-तीन दिवसांत सैल पडायची. खात्यात सगळेच खोकायचे, म्हणून कुणी त्याला आजार म्हटलं नाही. त्याला बिसिनोसिस असं नाव आहे हे मला गेल्या वर्षी कळलं. वर बिड्या. आई घरी बसून बिड्या वळायची. कारखान्यातून नापास होऊन परत आलेल्या बिड्या अण्णा ओढायचे, फुकट जातात म्हणून. २०१६ ला सोडल्या, पण तोवर फुप्फुसांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. फुंकायच्या तपासणीत पहिल्या सेकंदाला जितकी हवा बाहेर पडायला पाहिजे, त्याच्या ४१ टक्केच पडते. कागदावर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. दोन वर्षांपासून घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, दिवसातले पंधरा-सोळा तास, मिनिटाला दोन लिटरवर. त्यावर बसल्या जागी वरचा आकडा ९१-९२ असायचा. आमचं बरं चाललं होतं.

जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, गडबड सुरू झाली. नंदीध्वजांची मिरवणूक चुकवायची नाही असा अण्णांचा नेम. आदल्या साली तर लहान सिलिंडर मांडीवर घेऊन माझ्या गाडीवर मागे बसून आले होते. या वेळी म्हणाले, "तुम्ही जाऊन या. माझं आपलं नको." तेव्हाच कान टवकारायला पाहिजे होते.

वहीत त्या पंधरवड्याचे आकडे असे आहेत: ९१, ९०, ९०, ८८, ८९, ८७, ८६, ८४. जिथे नेहमी दाखवत होतो तिथे नेलं. थंडी आहे, धूळ आहे, दमा वाढलाय, असं सांगितलं गेलं. वाफेचं औषध वाढलं, पाच दिवस स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. बाकीचं मी केलं. आकडा घसरला की ऑक्सिजनच्या मशीनचं बटण थोडं फिरवायचं. दोनाचे तीन, तीनाचे चार. एका रात्री पाच. आकडा ९५ दिसला आणि मी निवांत झोपलो.

सकाळी आईने उठवलं. अण्णा चहाचा कप हातात धरून झोपले होते, चहा मांडीवर सांडलेला, तरी जाग नाही. हाक मारली की डोळे उघडायचे, "गाडी भरली का?" असं काहीतरी पुटपुटायचे आणि परत मान खाली. बोटाला मशीन लावलं तर वरचा आकडा ९४. चांगला! मला काही सुधरेना. ऑक्सिजन एवढा झकास आणि माणूस असा?

या वेळी नेलं तो दवाखाना दुसरा होता. छातीच्या डॉक्टर मॅडम, माझ्यापेक्षा लहान, सोलापूरच्याच. मला वाटलं आधी छातीला स्टेथोस्कोप लावतील. त्यांनी पांघरूण पायाकडून वर केलं.

"अण्णा, पाय बघू तुमचे."

नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच धरला आणि काढला. मऊ पिठात बोट रुतावं तसा खळगा पडला होता. मी मनात मोजत होतो. पंधरा झाले, सोळा झाले, खळगा तसाच.

"चपला कधीपासून घट्ट होतायत?"

आई म्हणाली, "महिना झाला की ओ. मी म्हणलं, म्हातारपणाची सूज असेल."

"उशा किती घेतात रात्री?"

उशी एकच होती. पण तिच्याखाली दोन चादरींच्या घड्या आल्या होत्या. अण्णा त्या स्वतःच रचून घ्यायचे, आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मग मॅडमनी समोर मॉनिटर लावलेला असूनही मनगट धरून, घड्याळ बघत अख्खा मिनिट नाडी मोजली आणि माझ्याकडे वळल्या. "वही आणलीय म्हणालात ना? दाखवा." पानं उलटली. "यात नाडी कुठंय?"

"ती नाही लिहिली मॅडम."

"का?"

"ऑक्सिजनचा आजार आहे ना त्यांना."

त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण त्याच क्षणी मला आठवलं, की गेले कित्येक दिवस खालचा आकडा नुसता नाचत होता. १२८, लगेच ९७, लगेच १४१. मशीन बिघडलं म्हणून मी सेलसुद्धा बदलले होते.

मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. कार्बन डायऑक्साइड ६८. तो ३५ ते ४५ मध्ये असायला पाहिजे. बोटाचं मशीन हा वायू दाखवतच नाही, म्हणून ९४ बघून मी गाफील राहिलो. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते आणि खालचे बेताल, वेगाने धावत होते. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या बाजूची ताकद ३८ टक्के. एका ठोक्याला त्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं याचा तो आकडा, ५५ च्या पुढे असला तर चांगला. उजवी बाजू फुगलेली. नंतर अण्णा शुद्धीवर आल्यावर फुंकायची तपासणी परत झाली: ४० टक्के. आधीच्या साली ४१. म्हणजे ज्या फुप्फुसांच्या नावाने आम्ही पंधरवडाभर बोटं मोडत होतो, ती जिथल्या तिथेच होती.

दोन रात्री अण्णांना तोंडावर घट्ट मास्क लावून श्वासाच्या मशीनवर ठेवलं. ऑक्सिजन कमी केला आणि आकडा ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगितला, वर जाऊ द्यायचा नाही. मी बाहेर बाकड्यावर. मॅडम जाता-जाता म्हणाल्या होत्या, "हृदय थकलं म्हणून ऑक्सिजन उतरला, फुप्फुसं बिघडली म्हणून नाही." हे वाक्य डोक्यातून जाईना. ऑक्सिजन भरायचं काम फुप्फुसांचं. हृदय नुसतं ढकलणारं. ते हळू चाललं तर रक्त हळू फिरेल, पण भरायच्या जागी आलं की भरेलच की! उलट सावकाश भरायला वेळच मिळेल. मग आकडा का उतरावा?

पहाटे उत्तर सापडलं ते धंद्यातच. खिशात खेपांचं पावती-पुस्तक होतं, त्याच्या मागे मांडलं.

धरा, दहा टँकर, प्रत्येकी १०,००० लिटरचे. भरायच्या पॉइंटवर दहा नळ. टँकर म्हणजे रक्त, पाणी म्हणजे ऑक्सिजन, नळ म्हणजे फुप्फुसांचे कोपरे, गल्ली म्हणजे शरीर. आता आमचा टँकर गल्लीत जाऊन रिकामाच परत येतो, शरीराचा येत नाही, आणि माझं घोडं इथेच अडलं होतं. धडधाकट माणसात मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त फिरतं. त्यातून १००० मिलिलिटरच्या घरात ऑक्सिजन जातो आणि बसल्या जागी शरीर त्यातला साधारण २५० वापरतं. बाकीचा तसाच माघारी. म्हणजे टँकर पाऊण भरलेला, ७,५०० लिटर घेऊनच पॉइंटवर येतो, वरचं अडीच हजार भरलं की झालं.

दहाही नळांना पाणी असेल तर टँकर किती रिकामा आला याला महत्त्वच नाही. भरूनच बाहेर पडणार. पण अण्णांच्या दहा नळांपैकी तीन कोरडे धरू. सात टँकर भरून निघाले, ७०,०००. तीन टँकर कोरड्या नळाखाली उभे राहून, आणलं होतं तेवढंच घेऊन निघाले, प्रत्येकी ७,५००, म्हणजे २२,५००. सगळे मिळून ९२,५००. बोटाचं मशीन ही सरमिसळच मोजतं: साडेब्याण्णव. अण्णांचा नेहमीचा आकडा!

आता हृदय थकलं. खेपा कमी झाल्या. गल्लीची तहान तेवढीच. मग गल्ली काय करते हे सोलापूरकराला सांगायला नको. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात आलेल्या टँकरचा तळ खरवडतात. शरीरही तसंच, आलेल्या रक्तातून जास्त उपसतं. टँकर ७,५०० ऐवजी ५,००० घेऊन परत येतो. चांगले सात नळ त्यालाही भरून देतात, ७०,०००. पण कोरड्या नळाखालचे तीन आता ५,००० वरच निघतात, १५,०००. बेरीज ८५,०००. पंच्याऐंशी. नळ तेच सात, कोरडे तेच तीन, एकही जास्तीचा बिघडलेला नाही, आणि आकडा साडेब्याण्णववरून पंच्याऐंशीवर.

मामांचं कोडंही तिथेच सुटलं. माझ्या मामांच्या हृदयाची ताकद तीस टक्के आहे, पण बोटावर ९७ येतो. मला नेहमी वाटायचं, तीस टक्क्यांवर माणूस ९७ कसा? त्यांचे नळ शाबूत आहेत. टँकर कितीही रिकामा येवो, भरूनच जातो. हृदय कमजोर असलं तरी, फुप्फुसात पाणी साचत नाही तोवर, बोटाचं मशीन चांगलाच आकडा दाखवू शकतं. खेपा किती झाल्या ते त्याला कुठे कळतं?

सकाळी मॅडमना पावती दाखवली. हसल्या, पण वाचली पूर्ण. मग दोन दुरुस्त्या केल्या. एक म्हणजे, अण्णांचे नळ पूर्ण कोरडे नाहीत, बरेचसे करंगळीएवढ्या धारेचे आहेत. म्हणून तर बाहेरून थोडा ऑक्सिजन दिला की आकडा चढतो. ठार कोरडे असते तर फारसा चढला नसता. दुसरं, डावी बाजू कमी पडली की मागे रक्त तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी झिरपतं. म्हणजे चालू नळांतलेही एखाद-दोन बंद पडतात. अण्णांच्या बाबतीत दोन्ही झालं होतं, आणि कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

उजव्या बाजूचं त्यांनी नंतर सांगितलं. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात. कोरड्या नळाकडे टँकर जाऊच नये म्हणून चावीवाल्याने रस्ता बंद करावा तसं. १९४६ मध्ये स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड या दोघांनी मांजरांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. सोय फार हुशार आहे, पण थोडेच नळ बिघडलेले असतात तोवर. सगळीकडेच ऑक्सिजन कमी असला तर सगळेच रस्ते अरुंद होतात, आणि त्यांतून रक्त रेटायचं काम हृदयाच्या उजव्या बाजूला. तिची भिंत मुळात पातळ, एवढा दाब तिच्या सवयीचा नाही. वर्षानुवर्षं रेटून ती फुगते, मग मागचं रक्त तुंबतं: मानेच्या शिरा, यकृत, शेवटी पाय. अण्णांच्या घट्ट चपलांचा उगम तिथे होता.

आणि मी रात्री बटण पाचावर नेलं तेव्हा? जादा ऑक्सिजनने ते आवळलेले रस्ते सैल पडले, रक्त परत हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यांकडे वळलं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा राहून गेला. श्वासाची ओढही थोडी मंदावते, शिवाय ऑक्सिजनने भरलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवतं. सगळं मिळून ६८. यात माझा हात होता हे मॅडमनी मला सरळ सांगितलं, आवाज न चढवता.

औषधं सुरू झाली. लघवी वाढवणारी गोळी, नाडी आवरायला बीटा ब्लॉकर, आणि थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. बीटा ब्लॉकरचं नाव ऐकून मेडिकलवाला म्हणाला, "दम्याच्या पेशंटला ही?" मॅडम म्हणाल्या, हृदयापुरतं काम करणारी निराळी जात असते, सीओपीडीत ती लक्ष ठेवून चालते. पहिल्या पाच दिवसांत वजन चार किलो उतरलं. चार किलो पाणी घेऊन माणूस घरात फिरत होता आणि टँकरवाल्याला ते दिसलं नाही! घरी आलो तेव्हा वरचा आकडा दीड लिटरवर ९१. पूर्वी त्यालाच दोन लागायचे. तीन महिन्यांनी इकोत डावी बाजू ५० टक्के. नाडी सतत धावत राहिल्यानेच ती दमली होती, असं मॅडमचं मत. उजव्या बाजूचा दाब थोडा उतरला, पण ती पहिल्यासारखी होणार नाही हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

पुढे कुठेतरी वाचलं, की बोटाच्या मशीनचं तत्त्व शोधलं ते ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने, सत्तरच्या दशकात. १९७४ मध्ये ते जपानमध्ये मांडलं गेलं. गंमत म्हणजे तो ऑक्सिजनच्या मागे नव्हताच. शिरेत रंग सोडून, हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते कानावरून मोजायच्या खटपटीत होता. नाडीचे ठोके त्या मोजणीत सारखा अडथळा आणत होते. तो अडथळा काढता-काढता त्याच्या लक्षात आलं, की या ठोक्यांतूनच ऑक्सिजन मोजता येईल. म्हणजे मशीनच मुळात नाडीवर उभं आहे, आणि मी नाडीची ओळ सोडून देत होतो.

घरात आता मिठावरून भांडणं होतात. लोणचं, पापड बंद. शेंगाची चटणी मीठ न घालता करून बघितली, अण्णांनी ताट सरकवलं. शेवटी आठवड्यातून दोनदा, चमचाभर, असा तह झालाय. सुरुवातीचे काही आठवडे पाणीही दिवसाला दीड लिटरच होतं. टँकरवाल्याच्या घरात पाण्याचं रेशनिंग म्हणून शेजाऱ्यांनी भरपूर चेष्टा केली.

एप्रिलमध्ये मात्र उलटंच झालं. पारा ४२ च्या पुढे, अण्णा उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. वजन जेवढं ठेवायचं ठरलं होतं त्याच्याही खाली दीड किलो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने पाणी चाललंय आणि गोळी आपली जानेवारीचीच चालू. मॅडमना फोन केला, त्यांनी डोस निम्मा केला आणि पाण्याची मर्यादा सैल केली. पावसाळ्यात परत बघू म्हणाल्या. या वेळी मी स्वतःच्या अकलेने कसलंही बटण फिरवलं नव्हतं, हे आईने दोनदा बोलून दाखवलं.

वहीत मागच्या बाजूला आता तीन रकाने आहेत. वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. नाडी मशीनवर बघायची आणि आठवड्यातून एकदा मनगट धरून मिनिटभर मोजायची, कारण बेताल नाडी मशीनला नीट पकडता येत नाही. हात गार असतील तर आधी चोळून ऊब आणायची. नातीने हौसेने आजोबांच्या बोटाला मेंदी लावली होती, तेव्हा दुसऱ्या हाताचं बोट वापरलं.

मोजायचं काम अण्णांनी हळूहळू स्वतःकडे घेतलंय. मशीन लावतात, चष्मा पुढे ओढतात आणि बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला खेपांचा हिशेब विचारावा तशा आवाजात आकडे सांगतात. मी लिहितो. कालचे: वर ९१, खाली ७८, वजन ५८.४. पुढच्या बाजूला खेपा अकरा.